इंग्रजी शब्दांची सोयरीक

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





"मुलांचे इंग्रजी कसे सुधारावे" या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा अध्यक्षसाहेबांनी केली. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. शिवाय मी काही इंग्रजीचा पंडित नव्हे. आजऱ्यात शिकलेला, पाचवीत पहिल्यांदा ए-बी-सी-डी गिरवलेला एक साधा शिक्षक आहे. म्हणून सगळ्या इंग्रजीविषयी न बोलता मी आज एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे. ती गोष्ट मला शाळेत कोणी सांगितली नाही, आणि ती कळली नाही म्हणून माझी काही वर्षे वाया गेली. ती आपल्या मुलांची जाऊ नयेत, एवढाच हेतू.

माझे अब्बा सातवी शिकलेले. ट्रकवर ड्रायव्हर होते. महिन्यातले वीस दिवस घाटरस्त्यावर. पण घरी आले की रात्री जेवणानंतर माझी शब्दांची वही घेऊन बसत. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून उजवीकडचा मराठी अर्थ वाचत आणि मी डावीकडचा इंग्रजी शब्द सांगायचा. 'पाहणे' - 'लुक'. 'देणे' - 'गिव्ह'. 'रस्ता' - 'रोड'. मी धडाधड सांगत असे आणि अब्बा खूश होत. दहावीपर्यंत मला शेकडो शब्द पाठ होते. आपल्याला इंग्रजी येते, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

पुढे मी शहरात कॉलेजला गेलो. पहिल्याच महिन्यात वर्गात उभा राहून मी म्हणालो, "सर, आय गिव्ह एक्झाम इन मार्च अँड आय ॲम गुड इन इंग्लिश." वर्गात हशा पिकला. का हसले, ते मला कळले नाही. शब्द तर सगळे बरोबर होते. कोणी समजावूनही सांगितले नाही. त्या दिवसानंतर पुढची तीन वर्षे मी वर्गात इंग्रजीत तोंड उघडले नाही. मित्रहो, चुकीमुळे माणसाचे फारसे नुकसान होत नाही, पण चुकीच्या भीतीने जे मौन येते, त्याने फार होते.

माझे चुकले कुठे होते? आपण मराठीत 'परीक्षा देतो'. देणे म्हणजे 'गिव्ह', म्हणून मी 'गिव्ह एक्झाम' म्हणालो. पण इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा देत नाही, तो ती घेतो : 'टेक ॲन एक्झाम'. देण्याचे काम शिक्षकाचे. आणि आपण इंग्रजीत हुशार असतो, पण इंग्रज माणूस 'गुड इन' म्हणत नाही, 'गुड ॲट इंग्लिश' म्हणतो. म्हणजे मला शब्द माहीत होते, शब्दांची सोयरीक माहीत नव्हती. कोणता शब्द कोणाच्या घरी दिला जातो, कोणाबरोबर नांदतो, हे ठाऊक नव्हते.

ही काही इंग्रजीचीच खोड नव्हे. आपल्या मराठीत बघा. आपण काळाकुट्ट म्हणतो, पांढराशुभ्र म्हणतो, हिरवागार, पिवळाधमक, लालभडक म्हणतो. 'काळाशुभ्र' किंवा 'पिवळाकुट्ट' असे कोणी म्हणाले तर चार वर्षांचे पोरही हसेल. तसा नियम कोणत्या पुस्तकात आहे? कोठेच नाही. ऐकून ऐकून ते कानात बसलेले आहे.

किंवा 'कडक' हा शब्द घ्या. आपल्याकडे चहा कडक असतो, ऊन कडक असते, मास्तर कडक असतात, इस्त्री कडक असते आणि शिळी भाकरीही कडक असते. मुलाने वहीत लिहिलेले असते, कडक म्हणजे 'हार्ड'. मग तो 'हार्ड टी' म्हणतो. पण इंग्रजीत चहा 'स्ट्राँग', मास्तर 'स्ट्रिक्ट' आणि भाकरी मात्र 'हार्ड'. पावसाचेही तसेच. आपल्या आजऱ्याचा पाऊस मुसळधार. इंग्रजीत तो 'हेवी रेन', म्हणजे जड पाऊस. वारा सोसाट्याचा, तो इंग्रजीत 'स्ट्राँग विंड'. 'स्ट्राँग रेन' मात्र होत नाही. ज्या शब्दाचा जो सोबती, तोच.

जे. आर. फर्थ नावाचे एक मोठे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले. १९१९ ते १९२८ या काळात ते लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, असे त्यांचे सांगणे होते. आपल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपण रोज ऐकतो. शब्दांचेही तेच आहे. शेजारी कोण बांधला, त्यावर शब्दाचा गुण ठरतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इंग्रजीत क्रियापद, नाम आणि शब्दयोगी अव्यय, म्हणजे 'इन', 'ऑन', 'ॲट', 'ऑफ', 'टू', 'फॉर' हे छोटे शब्द, हे तिघे मिळून एक जुडगा करतात. मराठीतही करतात. आपण म्हणतो, "त्याने स्पर्धेत भाग घेतला." इंग्रजीत : "ही टूक पार्ट इन द काँपिटिशन." आता हे दोन जुडगे शेजारी ठेवून बघा. मराठी : स्पर्धा - त - भाग - घेतला. इंग्रजी : टूक - पार्ट - इन - काँपिटिशन, म्हणजे घेतला - भाग - त - स्पर्धा. तेच चार तुकडे, पण क्रम बरोबर उलटा!

दुसरे उदाहरण. "आईची काळजी घे." आई - ची - काळजी - घे. इंग्रजी : "टेक केअर ऑफ मदर." घे - काळजी - ची - आई. पुन्हा उलटा क्रम. "वेळेचा उपयोग कर", "मेक यूज ऑफ टाइम." "त्याची चेष्टा करू नको", "डोंट मेक फन ऑफ हिम." जणू मराठी वाक्य आरशासमोर धरले आहे.

आपल्या मुलांना हे अवघड का वाटावे? आपली मुले सकाळी मक्तबात बसून उजवीकडून डावीकडे वाचतात आणि अकरा वाजता शाळेत येऊन डावीकडून उजवीकडे वाचतात. आजवर एकही मूल मला असे भेटले नाही, ज्याने शाळेत येऊन मराठीचे पुस्तक उजवीकडून वाचायला सुरुवात केली. दोन दिशा त्यांच्या डोळ्यांना सवयीच्या आहेत. इंग्रजी वाक्याची दिशाही तशीच, सवयीने अंगवळणी पडते.

पण एक सावधगिरी हवी. आरसा क्रम दाखवतो, शब्द नेहमी तेच ठेवत नाही. "अभ्यासाकडे लक्ष दे" हे उलटे केले तर 'गिव्ह अटेन्शन टू' असे येईल. ते अगदीच चूक नाही, पण तेथे रोजचा शब्द 'पे' हा आहे : 'पे अटेन्शन टू स्टडीज'. आपण लक्ष देतो, इंग्रज ते रोख मोजतो! तेव्हा क्रियापद कोणते आणि मधला सांधा कोणता, हे दोन्ही पाहून ठेवले पाहिजे.

क्रियापद कसे बदलते, याचे आपल्या घरातले उदाहरण देतो. रमजानमध्ये मराठीत आपण 'रोजा धरतो' आणि संध्याकाळी 'रोजा सोडतो'. उर्दूत 'रोजा रखना' आणि 'रोजा खोलना'. इंग्रजीत 'कीप अ फास्ट' आणि 'ब्रेक द फास्ट'. बघा, गोष्ट एकच. मराठी माणूस धरतो आणि सोडतो, उर्दू बोलणारा ठेवतो आणि उघडतो, इंग्रज ठेवतो आणि मोडतो. आपली मुले 'ओपन द फास्ट' म्हणतात, कारण मनात 'खोलना' असते. आणि गंमत अशी की इंग्रजीत सकाळच्या न्याहारीला जो 'ब्रेकफास्ट' शब्द आहे, तो याच जोडीतून आला आहे. रात्रभराचा उपास मोडणे म्हणजे ब्रेकफास्ट. मुलाला ही जोडी एकदा समजावून सांगा, जन्मभर विसरणार नाही.

मराठीतल्या 'करणे' या एका शब्दाचीही अशीच वाटणी होते. आपण अभ्यास करतो, धंदा करतो, चूक करतो, गोंगाट करतो, चहा करतो. इंग्रजीत यांचे दोन वाटे होतात. 'डू होमवर्क', 'डू बिझनेस', 'डू अ फेवर' हा एक वाटा. 'मेक अ मिस्टेक', 'मेक अ नॉइज', 'मेक टी', 'मेक अ प्रॉमिस' हा दुसरा. ढोबळ मानाने नेमून दिलेले काम पार पाडायचे तेथे 'डू' आणि नवीन काही घडवायचे तेथे 'मेक'. पण हा ढोबळ नियम आहे, पक्का नव्हे. पक्की फक्त जोडी असते, म्हणून जोडीच लक्षात ठेवावी.

आता मधल्या सांध्याकडे वळू. इथे आपल्या मुलांचे सर्वांत जास्त गुण जातात. आणि इथेच मला पालकांना एक विशेष गोष्ट सांगायची आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी दखनी बोलतात, बाजारात मराठी बोलतात. काही पालक मला म्हणतात, "सर, घरात एक, बाहेर एक, त्यात इंग्रजी. पोरगं तिन्हीत कच्चं राहतंय." मला उलटे वाटते. तीन वाक्ये बघा. पुस्तकी उर्दूत म्हणतात, "उससे पूछो." मराठीत म्हणतात, "त्याला विचार." इंग्रजीत म्हणतात, "आस्क हिम." उर्दूत 'से', मराठीत 'ला', इंग्रजीत काहीच नाही. तसेच "उसकी मदद करो", "त्याला मदत कर", "हेल्प हिम." उर्दूत 'की', मराठीत 'ला', इंग्रजीत पुन्हा काहीच नाही. म्हणजे काम एक असले तरी भाषा बदलली की सांधा बदलतो, हे आपले मूल शाळेत येण्यापूर्वीच शिकलेले असते. फक्त ते आपल्याला येते, हे त्याला माहीत नसते.

आणि आपल्या घरची बोली काय म्हणते? ती 'उससे पूछो' म्हणत नाही, "उसकू पूछ" म्हणते. हा 'कू' इथे मराठीच्या 'ला'सारखाच चालतो. मराठीच्या शेजारी आपली बोली पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली, तिला मराठीचा गुण लागला. त्यात लाजण्यासारखे काही नाही, जिवंत बोली अशाच असतात. पण हीच सावली पुढे इंग्रजीवर पडते आणि मूल 'आस्क टू हिम' लिहिते, तेव्हा परीक्षक लाल रेघ ओढतो. चूक कोठून आली हे कळले की ती काढणे सोपे जाते. "तुला इंग्रजी येत नाही" असे म्हणण्यापेक्षा "बाळ, हा 'टू' तू घरून आणलास, तो इथे लागत नाही" असे म्हटले तर मूल हसते आणि शिकते.

घरून आणलेले असे आणखी काही पाहुणे सांगतो. विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावेत.

आपण एखाद्याशी लग्न करतो, म्हणून मुले 'मॅरीड विथ' लिहितात. हवे 'मॅरीड टू'. आपण एखाद्यावर रागावतो, म्हणून 'अँग्री ऑन'. हवे 'अँग्री विथ'. आपण विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट'. हवे नुसते 'डिस्कस', पुढे थेट विषय. आपण वाट पाहतो, आणि वाट हा रस्ताच, म्हणून एका मुलाने एकदा मला 'आय सी युवर वे' असे लिहून दिले होते. हवे 'वेट फॉर'. आपण दोन वर्षांपासून शिकतो, म्हणून 'सिन्स टू इयर्स'. पण कालावधी सांगायचा तर 'फॉर टू इयर्स', आणि सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', जसे 'सिन्स २०१९'. मराठीचे 'पासून' दोन्हीकडे चालते, इंग्रजीत दोन वेगळे शब्द लागतात.

काही ठिकाणी मात्र मराठी आपल्याला हात देते. 'वर अवलंबून' म्हणजे 'डिपेंड ऑन'. 'वर विश्वास' म्हणजे 'रिलाय ऑन'. आजरा हिरण्यकेशी नदीवर वसलेले आहे, तर 'अ टाउन ऑन द हिरण्यकेशी'. जेथे सांधे जुळतात तेथे निर्धास्त चालावे. जेथे जुळत नाहीत तेवढीच ठिकाणे लाल शाईने लिहून ठेवावीत. सगळे इंग्रजी पाठ करण्याची गरज नाही, फरक तेवढा पाठ करा.

वेळेचे सांगायचे तर, घड्याळाला 'ॲट', दिवसाला व तारखेला 'ऑन', महिन्याला व सालाला 'इन'. 'ॲट टेन ओ'क्लॉक', 'ऑन मंडे', 'ऑन १५ ऑगस्ट', 'इन जून', 'इन १९४७'. जागा जितकी लहान तितका नेमका शब्द, असे समजा. वाहनाचेही एक गमक आहे. ज्यात उभे राहून चालता येते, ते 'ऑन' : 'ऑन द बस', 'ऑन द ट्रेन'. ज्यात वाकून बसावे लागते, ते 'इन' : 'इन द रिक्षा', 'इन द कार'. म्हणून एस.टी.त चढणे 'गेट ऑन', उतरणे 'गेट ऑफ'. 'गेट डाउन' नव्हे.

आता शेवटचा प्रकार. क्रियापद आणि हा छोटा शब्द एकत्र आले की कधी कधी अर्थच पालटतो. 'लुक' म्हणजे पाहणे. पण 'लुक ॲट' म्हणजे कडे पाहणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे आणि 'लुक इंटू' म्हणजे चौकशी करणे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी कबूल केले आहे की परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत अवघड जाते ते हेच. म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी ही अडचण खुद्द इंग्रजांनीच मान्य केली होती. तेव्हा आपल्या मुलाला ती आली तर तो मठ्ठ आहे असे समजू नये.

आणि आपल्या मराठीचे काय? "एस.टी. लागली" म्हणजे गाडी फलाटावर आली. "मला एस.टी. लागते" म्हणजे घाटात उलटी होते! भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, आग लागते, बोलणे मनाला लागते. आजऱ्यात येऊन मराठी शिकणाऱ्या एखाद्या इंग्रजाची काय दशा होईल, कल्पना करा. तो 'लागणे' या एका शब्दापुढे हात टेकेल, आणि आपले पाच वर्षांचे मूल ते सगळे अर्थ बिनचूक वापरते.

आणखी एक गोष्ट मला शिकवता शिकवता लक्षात आली. "खा" आणि "खाऊन टाक" यांत फरक आहे ना? इंग्रजीतही 'ईट' आणि 'ईट अप' यांत तोच फरक आहे. "पिऊन टाक", 'ड्रिंक अप'. "निघून जा", 'गो अवे'. "उठून बस", 'सिट अप'. "सोडून दे", 'गिव्ह अप'. जे काम आपण दुसरे क्रियापद जोडून करतो, ते इंग्रज 'अप', 'अवे', 'ऑफ' असा शेपटासारखा शब्द जोडून करतो. युक्ती आपल्याकडेही आहे, हत्यार वेगळे आहे एवढेच. मात्र शेपूट बदलले की काय होते, तेही बघा. 'पास अवे' म्हणजे निधन होणे. 'पास आउट' म्हणजे बेशुद्ध पडणे. लष्करी प्रबोधिनीत प्रशिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्यांच्या संचलनाला 'पासिंग आउट परेड' म्हणतात, तेथे तो शब्द शोभतो. आपण मात्र अर्जात सर्रास लिहितो, "आय पास्ड आउट इन २०१५." आपल्या देशात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. पण परदेशी नोकरीच्या अर्जात तोच मजकूर वाचणारा विचारात पडेल, हा गृहस्थ त्या वर्षी बेशुद्ध का पडला!

मग हे शिकायचे कसे? ए. एस. हॉर्नबी नावाचे एक इंग्रज शिक्षक १९२४ साली जपानला इंग्रजी शिकवायला गेले. जपानी मुलांच्या अडचणीही आपल्यासारख्याच. शब्दांचे अर्थ पाठ, पण वाक्य जमत नाही. हॉर्नबी यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह एक वेगळाच कोश तयार केला. त्यात अर्थाबरोबर तो शब्द कोणत्या रचनेत, कोणाबरोबर येतो हेही दिलेले होते. तो १९४२ साली टोकियोला छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. आज शाळाशाळांत दिसणारा विद्यार्थ्यांचा ऑक्सफर्ड कोश तो हाच, त्याच्या पुढच्या आवृत्त्या. आपली मुले तो उघडतात, पहिला अर्थ पाहतात आणि मिटतात. खरी दौलत त्याखाली तिरप्या अक्षरांत दिलेल्या वाक्यांत असते. ती वाक्ये वाचा, एवढेच माझे सांगणे.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पुस्तकाचे उपकार मोठे आहेत. पण भाषांतर वाक्याचे करायचे असते, शब्दाचे नव्हे, हे आपण मध्येच कोठेतरी विसरलो.

आता मी दोन-तीन वर्षांपूर्वीची एक हकिकत सांगतो आणि संपवतो. दहावीच्या एका मुलीचे वडील सहामाहीचा निकाल घेऊन माझ्याकडे आले. गॅरेजवर काम करणारा कष्टाळू माणूस. म्हणाले, "सर, इसकू इंग्रजी जमता नई. दहावी हुई की बस करतूं. आगे कायकू खर्चा?" मुलगी मागे मान खाली घालून उभी होती. मला माझे ते तीन वर्षांचे मौन आठवले. मी म्हणालो, "भाईजान, निकाल राहू द्या. उद्या हिची उत्तरपत्रिका घेऊन पाच मिनिटे बसू या."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे बसलो. मी त्यांना प्रत्येक लाल रेघ दाखवली आणि चूक मराठीत सांगितली. 'मॅरीड विथ', 'आस्क टू', 'सिन्स थ्री डेज', 'डू अ मिस्टेक'. निम्म्याहून अधिक चुका अशाच, सांध्याच्या. शब्द तिला येत होते, स्पेलिंगही बहुतेक बरोबर होते. वडील बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मंजे पार्टां सब हैं, फिटिंग गलत हुई." मी बी.एड.ला वर्षभर जे शिकलो, ते या माणसाने एका वाक्यात सांगितले. सुटे भाग सगळे आहेत, जोडणी चुकली आहे!

त्या दिवसापासून त्या मुलीने 'जोडी वही' घातली. नुसता शब्द लिहायचा नाही, जुडगा लिहायचा. 'अफ्रेड' नव्हे, 'अफ्रेड ऑफ डॉग्ज'. 'इंटरेस्ट' नव्हे, 'टेक इंटरेस्ट इन क्रिकेट'. रोज पाच. वडील रात्री घरी आले की वही घेऊन बसत. त्यांना इंग्रजी येत नव्हते, पण आता ते "याचा अर्थ काय" असे विचारत नसत. ते विचारत, "इसके साथ कौन आता?" एके दिवशी तिने मला अडवले. "सर, 'इन द मॉर्निंग' म्हणतात, 'इन द इव्हनिंग' म्हणतात, मग 'ॲट नाइट' का?" मी प्रामाणिकपणे सांगितले, "बेटा, याला रूढी हेच उत्तर. आपण 'सकाळी', 'संध्याकाळी' म्हणतो, मग 'दुपारचा' चहा आणि 'रात्रीचे' जेवण म्हणताना कारण विचारतो का? काही जोड्या जशा आल्या तशाच मानाने घरात घ्याव्या लागतात." ती मुलगी दहावी पास झाली. गुण फार मोठे नव्हते, पण इंग्रजीत ती अडली नाही. आज ती बारावीत आहे, आणि खर्चाचा विषय वडिलांनी पुन्हा काढलेला नाही.

पालक बंधू-भगिनींनो, १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग सुरू केले, तेव्हा खेड्यापाड्यातल्या मुलाला शिक्षणासाठी शहरात राहायला जागा नव्हती. तो अडथळा दगडविटांचा होता, महाराजांनी तो दूर केला. आज आपल्या मुलामुलींपुढचा अडथळा पुष्कळदा एवढासा असतो : एक 'टू', एक 'फॉर', आणि त्यावर झालेले हसू. तो दूर करायला राजा लागत नाही. रात्री दहा मिनिटे मुलाजवळ बसणारे आई-वडील लागतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षांत रोज एक जोडी धरली तरी हजारो होतात. त्यासाठी महागडी शाळा किंवा क्लास लावलाच पाहिजे असे नाही. एक वही, घरातला एखादा जुना कोश आणि "इसके साथ कौन आता?" हा एक प्रश्न पुरेसा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला माझे सांगणे एवढेच की चुकला तरी बोला. आणि वर्गात दुसरा चुकला तर हसू नका. हसणाऱ्याचे काहीच जात नाही, पण गप्प बसणाऱ्याची तीन वर्षे जातात, हे मी भोगलेले आहे.

माझे अब्बा आज हयात नाहीत. ती शब्दांची वही मी जपून ठेवली आहे. तिच्यात डावीकडे शब्द आहेत, उजवीकडे अर्थ आहेत आणि मधे एक रिकामी पट्टी आहे. त्या रिकाम्या पट्टीत काय लिहायला हवे होते, हे मला उशिरा कळले. तुम्ही ती रिकामी ठेवू नका.

 

- सहायक शिक्षक, बी.ए., बी.एड., आजरा